खोलीची ओटी

गेल्या महिन्यात सहावीच्या वर्गात इंग्रजी विशेषणं शिकवत होते. फळ्यावर पाच वाक्यं लिहिली होती आणि प्रत्येकात एक शब्द गाळला होता. बसमधल्या सीटबद्दलच्या वाक्यात पुढच्या बाकावरच्या मुलीनं 'व्हेकंट' हा शब्द बरोबर भरला आणि लगेच विचारलं, "बाई, व्हेकंट म्हणजे रिकामं, एवढंच ना?"

दुसरा कुठलाही शब्द असता तर मी हो म्हणून पुढे गेले असते. परळच्या या मराठी शाळेत मी पंधरा वर्षं इंग्रजी शिकवते आहे, आणि सहावीच्या पुस्तकातल्या शब्दाला अडखळावं असं काही नसतं. पण मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, "उद्या सांगते." मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "बाईंना पण येत नाय." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तो मुलगा फारसा चुकलेला नव्हता.

या शब्दाची आणि माझी ओळख जुनी आहे. माझं गाव सांगली जिल्ह्यातलं, तालुक्याचं. आमच्या शाळेत मी आठवी-नववीत असताना इंग्रजीला शिक्षकच नव्हते. मुख्याध्यापक दर सत्राला वरच्या कार्यालयाला पत्र लिहायचे. इंग्रजीच्या शिक्षकासाठीचं पत्र इंग्रजीतूनच गेलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. माझं अक्षर बरं म्हणून ते मला ऑफिसात बसवून त्याची नक्कल करून घेत. प्रत्येक पत्रात एक वाक्य ठरलेलं असे, की ही जागा अजून 'व्हेकंट' आहे. पुस्तकाबाहेर, खऱ्या कामासाठी वापरलेला मी पाहिलेला तो पहिला इंग्रजी शब्द. वर्गात शिक्षकांची खुर्ची होती, तिच्यावर आम्ही दप्तरं ठेवायचो. मला वाटायचं, खुर्ची तर भरलेली दिसते, मग ही जागा व्हेकंट कशी?

शेवटी मुख्याध्यापकांनी स्वतःच शाळा सुटल्यावर आम्हाला इंग्रजी शिकवलं. त्यांचा विषय खरं तर भूगोल. आज माझं जे काही बरं चाललं आहे, ते त्यांच्यामुळे आणि माझ्या मावशीमुळे.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. काळाचौकीच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, दहा बाय बाराच्या खोलीत ती एकटी राहायची. काका गिरणीत होते, ते मी लहान असतानाच गेले. मूलबाळ नव्हतं. ती कॉटन ग्रीनच्या गोदामांत धान्य निवडायला जायची. मी बारावी झाले तेव्हा वडील म्हणाले, बास झालं शिक्षण. मावशीनं शेजारच्या दुकानातून फोन केला आणि आईला एवढंच सांगितलं, "पोरीला हिकडं धाड. माझ्या खोलीत एक माणूस मावतंय अजून." त्या खोलीत मी सात वर्षं मावले. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली.

मुंबईत येऊन आठवडाही झाला नसेल. शेजारी मालवणकडच्या काकू राहायच्या. त्यांनी वाटीभर सोलकढी दिली होती. मी वाटी घासून, पुसून परत देऊन आले. मावशी कामावरून आली आणि तिला हे कळलं.

"रिकामी वाटी दिऊन आलीस?"

"घासून दिली की."

"घासायला त्यांच्याकडं पाणी न्हाई व्हय? अगं, भांडं भरून येतंय ते भरूनच जातंय. काय न्हाई तर चिमूटभर साखर टाकावी."

तेव्हाच ती मूठभर शेंगदाणे घेऊन काकूंच्या दारात गेली. "आमची पोरगी गावची हाय, समजून घ्या," म्हणाली. काकू हसत म्हणाल्या, "असू दे गो. शिकात हळूहळू." मला रागच आला होता. गावची तर मावशीही होती.

पण शिकले. मावशीला रिकामं काही चालायचं नाही. रिकामा पाळणा हलवायचा नाही. रिकाम्या हातानं बाळंतिणीला भेटायला जायचं नाही. पिंपातलं पाणी संपत आलं तरी तळाशी तांब्याभर ठेवायचंच. तांदळाचा डबा तिनं पूर्ण खाली केलेला मी कधी पाहिला नाही. महिनाअखेरीला भात पातळ व्हायचा, पण डब्यात मूठभर उरलेले असायचेच. मी एकदा विचारलं, "हे कधी खायचे?" ती म्हणाली, "हे खायाचं न्हाईत. हे डब्याचं हायत."

आणि ज्या बाईला असं काहीच रिकामं चालायचं नाही, तिची ओटी मात्र काका गेल्यापासून कुणी भरली नव्हती. संक्रांतीला चाळीत हळदीकुंकू असायचं. तिळगूळ करायला सगळ्यांत पुढे मावशी. बायका नटून जमल्या की ती गॅलरीच्या टोकाला जाऊन उभी राहायची, रस्ता बघत. कुणी तिला जा म्हणत नसे, ये म्हणतही नसे. माझं लग्न झालं आणि मी पहिल्यांदा माहेरपणाला तिच्याकडे आले, तेव्हा तिनं तांदूळ, नारळ, खण, हळकुंड, सुपारी सगळं ताटात नीट मांडून ठेवलं होतं. मग काकूंना हाक मारली. ओटी काकूंनी भरली. तांदूळ मावशीचे, हात काकूंचा. मावशी भिंतीशी उभी राहून सांगत होती, "नारळाची शेंडी तिच्याकडं करा."

मी तेव्हा इंग्रजी घेऊन एम.ए. झाले होते. "मावशी, तूच भर ना," एवढं म्हणायचं मला सुचलं नाही.

चाळ पाडून तिथं टॉवर बांधायचं ठरलं, ही गोष्ट अलीकडची. सभा झाल्या, कमिट्या झाल्या, व्हॉट्सॲपवर ग्रुप झाला. करार इंग्रजीत, जाडजूड. मी तेव्हा डोंबिवलीला सासरी राहत होते, तरी चाळीनं मला बोलावलं. सेक्रेटरी काका फोनवर म्हणाले, "वकील आहे आपला, पण तो काय बोलतो ते कळत नाही. तू वाचून मराठीत सांग. आपल्या चाळीत शिकलेली मुलगी तू." मला अभिमान वाटला, हे लपवत नाही. रविवारी संध्याकाळी चाळीच्या चौकात खुर्च्या मांडल्या. मी मध्ये, हातात करार. बायका जिन्यावर, पुरुष खुर्च्यांवर. मावशी पहिल्या पायरीवर, पदर खोचून, मी काही बक्षीस घ्यायला उभी असल्यासारखी माझ्याकडे बघत होती.

मी पान-पान वाचून सांगत होते. एका कलमात आलं, भाडेकरूनं ठरलेल्या दिवशी खोलीचा 'व्हेकंट' आणि शांततापूर्ण ताबा द्यावा.

"म्हणजे रिकामी खोली, भांडण न करता, त्यांच्या हवाली करायची," मी म्हटलं.

मावशी पायरीवरून म्हणाली, "रिकामी कशी द्यायची?"

लोक हसले. तळमजल्यावरचा एक जण म्हणाला, "मावशी, मग काय बिल्डरला जेवायला वाढून देणार?"

"बिल्डरचं न्हाई बोलत मी. घराचं बोलतीय. पन्नास वर्सं ऱ्हायलेलं घर, जाताना रिकामं करून जायाचं? मढं जाळायला नेल्यागत?"

हसणं थोडं कमी झालं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मावशीचा चेहरा पाहून मला वाईट वाटलं, आणि सभा लांबतही चालली होती. मी म्हटलं, "मावशी, व्हेकंट म्हणजे माणूस नको, एवढंच. आपण व्हेकंट सीट म्हणतो ना, म्हणजे तिच्यावर कुणी बसलेलं नाही. वस्तूंचं काही नसतं त्यात."

"वस्तू चालतात?"

"एखादी राहिली तर राहिली. काय बिघडतंय."

"मग ठीक हाय," ती म्हणाली.

कराराच्या शेवटी दोन पानं होती. कुठल्या शब्दाचा या करारात काय अर्थ घ्यायचा, ते त्यांत दिलेलं होतं. मच्छर चावत होते, मुलं जेवायला ओरडत होती. मी ती पानं चाळली आणि म्हटलं, "हे नुसते शब्दांचे अर्थ आहेत, हे सोडू या." इंग्रजी शब्दांचे अर्थ मला कुणी सांगायला नको होते.

खोल्या सोडायचा दिवस कळवण्यात आला. बिल्डरची माणसं सकाळी अकराला प्रत्येक खोली पाहून यादीत नोंद करणार होती. ज्यांच्या नावापुढे 'व्हेकंट' लिहिलं जाईल, त्यांची नावं त्याच दुपारी सोडतीच्या चिठ्ठ्यांत. परळला एक इमारत भाड्यानं घेतलेली होती, चाळ पाडून नवी होईपर्यंत राहायला. चाळीच्या पायी दहा मिनिटांवर. तिथल्या खोल्या थोड्या कमी पडत होत्या. उरलेल्यांना मानखुर्दला जावं लागणार होतं. मावशीनं मला आधीच सांगून ठेवलं होतं, "मला परळच पायजे. तितनं रोज येऊन बघीन, आपली खोली कुठवर आली ती." एवढीच तिची मागणी होती. नव्या घरात कोणता मजला, किती फूट, हे तिनं कधी विचारलं नाही. तिला तिथं परत यायचं होतं, आणि तोवर जवळ राहायचं होतं.

आदल्या रात्री तिचा फोन आला. "सकाळी आर्धा तास येशील?"

"उद्या माझी परीक्षेची ड्युटी आहे गं. सामान हलवायला काकूंचा मुलगा येतोय ना? मी संध्याकाळी येते."

"सामान हललं समदं. आसू दे. तुझी ड्युटी कर."

कशाला येऊ, हे मी विचारलं नाही. अर्धा तास कशासाठी हवा होता, ते आता मला माहीत आहे.

परीक्षेच्या हॉलमध्ये फोन नेता येत नाही. तो माझ्या कपाटात होता. दुपारी दीड वाजता काढला तर काकूंच्या मुलाचे सात मिस्ड कॉल. मी टॅक्सी करून काळाचौकीला गेले. चिठ्ठ्या काढून झाल्या होत्या. चौकात सतरंज्या, पिंपं, गादीचे गठ्ठे, कुणाची सायकल. तळमजल्याच्या भिंतीवर यादी चिकटवलेली. मावशी पहिल्या पायरीवर बसली होती. पायाशी बोचकं. हातात खोलीची किल्ली.

"काय लिवलंय आपल्याफुडं?" तिनं विचारलं. "कुणी धड सांगंना झालंय. तू वाच."

मी वाचलं. सगळ्या मजल्यांवरच्या खोल्यांपुढे व्हेकंट, व्हेकंट, व्हेकंट. तीन खोल्यांपुढे 'नॉट व्हेकंट'. त्यांतली एक मावशीची.

बिल्डरच्या टेबलाशी एक तरुण मुलगा होता, घामाघूम, वाईट नव्हता. "मॅडम, आम्ही गेलो तर लॉक," तो म्हणाला. "खिडकीतनं बघितलं, अंदर सामान है. हंडा, ताट, आणि दिवा चालू. पेटता दिवा, मॅडम. आग लागली असती तर कुणावर आलं असतं? आजींना म्हटलं, खोला. त्या म्हणाल्या, दिवा शांत झाल्यावर खोलते. किती वेळ थांबणार? चाळीस रूम बघायच्या होत्या."

"अहो, पण तिथं कुणी राहत नव्हतं. खोली व्हेकंटच होती."

त्यानं करार उलटला. शेवटची दोन पानं. बोट ठेवलं. या करारात व्हेकंट म्हणजे माणूस, सामान आणि कुलूप या तिन्हींपासून मोकळी. साधं इंग्रजी होतं. माझ्या आठवीच्या मुलांनाही कळलं असतं.

"तुम्हीच वाचून दाखवला ना सगळ्यांना?" तो म्हणाला. टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता.

परळच्या खोल्या संपल्या होत्या. मी विनंती केली, सेक्रेटरी काकांनी केली. काकू म्हणाल्या, "माझ्या खोलीत येऊन राहू दे ती." पण त्यांच्या पाच माणसांत ते शक्य नव्हतं, हे त्यांनाही कळत होतं. मावशी मधेच म्हणाली, "आधी खोली उघडू. दिवा आता झाला आसंल."

आम्ही वर गेलो. तिनं कुलूप काढलं.

खोली स्वच्छ झाडलेली होती. मधोमध पाट. पाटावर ताट, ताटात तांदळाची रास, नारळ, हिरवा खण, हळकुंड, सुपारी. शेजारी पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्याचा हंडा. निरांजन नुकतंच शांत झालं होतं, वातीचा वास होता. पाटापुढे हळदीकुंकवाची दोन बोटं सरळ जमिनीला लावलेली.

"खोलीची ओटी भरली," मावशी म्हणाली. "सासरी निघाल्यावर लेकीला रिकामी धाडत्यात व्हय? तू आली असतीस तर तुझ्या हातनं भरायची होती. तू सवाष्ण. मग म्हटलं, भरू आपणच. खोलीला काय कळतंय, विधवा का सवाष्ण." आणि माझ्याकडे बघून, समजूत काढल्यासारखं, "तूच म्हणलीस ना, वस्तू चालत्यात."

मी हो म्हटलं. त्यापेक्षा मोठी शिक्षा मला कुणी दिली नसती. ती मला दोष देत नव्हती. माझ्या शब्दाला जागली होती, इतकंच.

पुढच्या शनिवारी मी दादरच्या एका जुन्या वाचनालयात गेले. तिथं उघडून ठेवलेला एक भलामोठा इंग्रजी कोश आहे. शब्दाचा जन्म कुठला, हे मला बघायचं होतं. कदाचित आपण अगदीच चुकलो नव्हतो, असं कुठेतरी लिहिलेलं सापडेल, ही आशा असावी. व्हेकंट हा शब्द लॅटिनमधून आला आहे. मूळ क्रियापदाचा अर्थ रिकामं असणं, मोकळं असणं. सुट्टीला व्हेकेशन म्हणतात, ते त्याच कुळातलं. जागा खाली करा, याला व्हेकेट. भरल्या वस्तीतून माणसं हलवणं, म्हणजे इव्हॅक्युएट, तेही त्यातलंच. शून्य नजरेलाही व्हेकंट म्हणतात. मग मी मराठीचा कोश मागितला. आपला रिकामा हा शब्द संस्कृत रिक्त वरून आला, आणि रिक्त ज्या धातूवरून आला त्याचा अर्थ सोडणं, सोडून जाणं. म्हणजे भांड्यात काही नाही, ही नंतरची गोष्ट. आधी कुणीतरी सोडून गेलेलं असतं.

हे वाचताना माझ्या डोळ्यांना पाणी आलं. ग्रंथपाल बाईंनी विचारलं, "पंखा लावू का?" मी नको म्हटलं. शिकलेल्या माणसाची हीच सोय असते. आपण चुकलो की आपण कोश उघडतो.

मावशी मानखुर्दला गेली. सातव्या मजल्यावर, लिफ्टची इमारत, सगळी दारं बंद. मी तिला डोंबिवलीला चल म्हटलं, माझ्या सासूबाईंनीही म्हटलं. ती म्हणाली, "तुझ्या घरी आले तर मी पावनी. पावन्याला आपल्या घरी जायाचंच इसारतंय. मला आपल्या खोलीत जायाचंय. तवर हितंच."

मी दर रविवारी जायचे. जाताना काळाचौकीला उतरून चाळीच्या जागेचा फोटो काढायचे, तिला दाखवायला. आधी पत्रे लावले. मग आतली चाळ गेली. मग खड्डा. पावसात खड्ड्यात पाणी साठलं होतं. फोटो बघून मावशी म्हणाली, "भरलंय तरी," आणि मोबाईल परत दिला.

पहिल्या महिन्यातच तिनं शेजारच्या दारी पुरणपोळ्या दिल्या. शेजारी एक तरुण जोडपं होतं, दोघंही नोकरी करणारं. दोन दिवसांनी तिचा डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कडीला अडकवलेला मिळाला. मावशीनं मला तो दाखवला. "घासून दिलाय बघ. चकचकीत." तक्रार नव्हती तिच्या आवाजात. मी पहिल्या आठवड्यात हेच केलं होतं, हे तिला आठवत होतं की नाही, कुणास ठाऊक. ती मात्र देत राहिली. पुढे त्या मुलीनंही एकदा आपल्या डब्यातून काहीतरी पाठवलं, आणि मग त्या दोन दारांत डब्याची ये-जा थोडी सुरू झाली. पण काकू नव्हत्या, गॅलरी नव्हती, आणि संध्याकाळी दारात बसलं तर समोर दुसरं बंद दार.

दुसऱ्या वर्षी तिचं बोलणं कमी झालं. चहा समोर ठेवून ती खिडकीबाहेर बघत बसायची. त्या नजरेला इंग्रजीत काय म्हणतात, ते मी कोशात वाचलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, वय झालं, हृदय दमलं आहे. एका रविवारी तिनं विचारलं, "किती मजलं झालं?"

"तीन, मावशी."

"आपला दुसरा व्हता. म्हणजे झाला की आपला."

"हो. झाला."

त्यानंतरच्या गुरुवारी ती गेली. दुपारी, झोपेत. चाळीतली माणसं परळहून आली, पण मानखुर्दला पोचेपर्यंत त्यांना दोन तास लागले. काकू आल्या तेव्हा आम्ही निघण्याच्या तयारीत होतो. त्या मला एवढंच म्हणाल्या, "परळाक असती तर मी रोज बघलंय असतंय गो तिका." मला ते माहीत होतं.

तेरावं झालं आणि मानखुर्दची खोली परत करायची वेळ आली. बिल्डरच्या ऑफिसनं फॉर्म पाठवला होता. या वेळी मी त्याचं अक्षर न् अक्षर वाचलं, शेवटच्या पानासकट. मग दोन दिवस बसून सगळं काढलं. पिंपातलं तळाचं पाणी ओतलं. तांदळाच्या डब्यात मूठभर होते, ते डब्याचे. मी ते कागदात बांधून खाली वॉचमनकडे कबुतरांना घालायला दिले आणि डबा पुसला. काकांचा फोटो, पाट, हंडा, सगळं टेम्पोत गेलं. माळा पाहिला, बाथरूम पाहिलं. खिडकीतला खिळासुद्धा काढला. मी फार काळजीपूर्वक काम केलं. मला या वेळी चुकायचं नव्हतं.

निघताना भांड्यांच्या पिशवीत एक स्टीलचा डबा दिसला, आमचा नसलेला. शेजारच्या मुलीचा. मी तिच्या दाराची बेल वाजवली.

"तुमचा डबा मावशीकडे राहिला होता."

तिनं डबा हातात घेतला, आणि सवयीनं झाकण उघडून आत पाहिलं. मग झाकण लावलं.

"सॉरी," ती म्हणाली, "सवय लागली. त्या नेहमी काहीतरी घालून द्यायच्या."

मी मागे वळून पाहिलं. खोलीत चिमूटभर साखरही उरली नव्हती. मी म्हटलं, "हो. द्यायची ती." त्या मुलीनं मला पाणी विचारलं. मी नको म्हणाले, खाली ऑफिसचा माणूस थांबला होता.

तो वर आला. आतून एक चक्कर मारली. "एकदम क्लीन," म्हणाला. "इथं व्हेकंट लिहा मॅडम, आणि खाली सही."

माणूस नव्हता. सामान नव्हतं. कुलूप माझ्या हातात होतं, ते मी त्याला दिलं. मग फॉर्म भिंतीवर टेकवून, मुख्याध्यापकांच्या पत्रांची नक्कल करताना काढायचे तशा नीट अक्षरात मी तो शब्द लिहिला.